तिसऱ्या पाण्याआधीची बादली

कॉलेजात त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळ्यांना तो दहामिनिटेकाका. मुलांची एक तुकडी पास होऊन जायची, दुसरी यायची, पण नाव वारसाहक्कानं मिळाल्यासारखं पुढच्यांच्या तोंडी तयार. एका नव्या मुलानं तर ते आडनावच समजून ‘श्री. दहामिनिटे यांस’ असा अर्ज लिहून आणला होता. काकानं अर्ज उलटसुलट बघितला, खाली सही ठोकली आणि म्हणाला, “पोचला.”

या नावाचं मूळ गमबुटांत होतं. प्राणिशास्त्राच्या विभागात तो एकतीस वर्षं परिचर होता. बाटल्या धुवायच्या, भिंगं पुसायची, बरण्यांमधल्या सापांचं स्पिरिट पिवळं पडलं की बदलायचं, ही बारमाही कामं. वर्षातून एकदा मात्र मॅडम पंधरा-सोळा मुलांना घेऊन चार तासांवरच्या दलदलीत जायच्या. बेडूक, साप, कासवं, सरडे, जे सापडेल ते शोधायचं, मोजायचं, वहीत टिपायचं आणि जिथलं तिथं सोडायचं. तिथं तीन पाणी होती. पहिलं मोठं, दुसरं लांबट, आणि तिसरं टेकाडामागची वाटी. चहूकडून चढ, मधे गुडघाभर पाणी, बाहेरून एक ओहोळ येत नाही की बाहेर एक थेंब जात नाही. त्या वाटीत कोटाच्या बटणाएवढा एक बेडूक राहायचा. मुलं त्याला ‘बटण’ म्हणत. मॅडमचे केस त्या बटणापायी पांढरे झाले होते.

एका पाण्याचा चिखल दुसऱ्या पाण्यात न्यायचा नाही, हा नियम. चिखलातून एक बुरशी जाते. माणसाला ती काही करत नाही, बेडकाला मात्र कातडीतून धरते. “बेडकाचं नाक-तोंड अंगभर पसरलेलं असतं रे,” तो नव्या मुलांना सांगायचा, “पाणी कातडीनं पितो, श्वास निम्मा कातडीनं घेतो. ती बुजली की झाला कारभार.” म्हणून प्रत्येक पाण्यानंतर बूट आणि जाळी ब्रशनं घासायची, ब्लीच घातलेल्या बादलीत बुडवायची आणि दहा मिनिटं थांबायचं. थांबवणारा हा. हातात घड्याळ, चेहरा असा की जणू परीक्षेचा पेपर गोळा करतोय.

“काका, साडेनऊ झाली. चालतंय की!”

“साडेनऊ मिनिटांत कच्ची राहिलेली भाकरी तुझी आई तुला वाढते काय?”

मग मुलं खिदळायची, आणि उरलेलं अर्धं मिनिट निघून जायचं. धुऊन झालं की तो रजिस्टर काढायचा. तारीख, वेळ, कोणत्या पाण्याआधी, औषध ताजं की कसं, आणि सही. ब्लीचला तो औषधच म्हणायचा. एकतीस वर्षांत एका रकान्यात खाडाखोड नव्हती. मॅडम दरवर्षी नव्या मुलांना ते रजिस्टर दाखवून म्हणायच्या, “विज्ञान म्हणजे काय ते पुस्तकात नंतर वाचा. आधी हे बघा.” आणि तो उगाचच बादली पुसत बसायचा.

मात्र गेल्या वर्षापासून या माणसाचं काहीतरी बिनसलं होतं. बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. घरात शिरताना चपला दारातच धुवायचा. न्हाणीघरातली प्रत्येक बाटली उघडून नाकाशी धरायचा. ती शिवणाच्या मशिनीवर बसल्या बसल्या म्हणाली, “लोकांचे नवरे बाटल्या पितात. आमच्यांनी नुसता वास घ्यायचं व्रत घेतलंय.” तो हसला नाही. हसला नाही म्हणून तिनं मशीन थांबवून त्याच्याकडे बघितलं. “काय झालंय?” “कुठं काय?” तिनं पुन्हा पायडल मारलं, पण शिवण वाकडी गेली.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी दुसऱ्या पाण्याच्या काठावर एका मुलानं हातातलं कासव दाखवत दाखवत मागं पाऊल टाकलं आणि औषधाचा कॅन लाथाडला. झाकण सैल होतं. सगळं औषध गवतात गेलं. मुलाचं तोंड एवढंसं झालं. यानंच मुलाच्या पाठीवर थाप मारली, “अरे, राखीव कॅन काय शोभेला आणलाय का?” राखीव कॅन बसमध्ये सीटखाली होताच. तो प्रयोगशाळेच्या खिडकीत दोन उन्हाळे काढलेला होता. नवा मागवायचा तर स्टोअरच्या कारकुनाला तीन प्रतींत मागणी द्यायची, आणि तो कारकून प्रत्येक वेळी चौथी मागायचा. म्हणून ‘आहे की अजून, भरपूर आहे’ असं याचं दोन वर्षं चाललेलं.

झाकण उघडलं तेव्हा नाकात काही गेलंच नाही. ब्लीचचा कॅन उघडला की डोळ्यांच्या कडा झोंबायला हव्यात. इथं विहिरीचं पाणी उघडल्यासारखं. त्यानं पुन्हा हुंगलं. लांबून कुठून तरी, शेजारच्या घरात कपडे धुतायत असा वास.

तेवढ्यात मॅडम आल्या. “आवरा, ऊन कलायच्या आत वाटीत उतरायचंय. या वर्षीची मोजणी चुकली तर सहा वर्षांची साखळी तुटेल.” तो ‘मॅडम, औषध मेलंय’ असं म्हणाला असता, तर त्यांनी त्या क्षणी बस फिरवली असती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो बोलला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दहामिनिट्यामुळं बस फिरली असती. त्यानं काय केलं, तर दुप्पट औषध ओतलं. बूट बुडवले. घड्याळ धरलं. आणि दहा मिनिटं एक सेकंदही कमी न करता पूर्ण केली. औषधात दम नव्हता, पण दहा मिनिटं चोख. एका मुलीनं नवव्या मिनिटाला बूट उचलला तर तिला दटावलंसुद्धा. मग रजिस्टर काढलं आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: तिसऱ्या पाण्याआधी, दहा मिनिटे, औषध ताजे. सही.

त्या दिवशी वाटीत दोनशे अकरा बटणं मोजली गेली.

आता वर्षानं पुन्हा तीच बस, तीच सीट. सीटखाली तीन कॅन, तिन्ही कालच उघडून हुंगलेले. सकाळपासून आभाळ भरलेलं, हवा ओल्या फडक्यासारखी. असं दमट असलं की बेडूक-साप बाहेर येतात, म्हणून मुलं खुशीत. तो खिडकीशी बसून टाचेनं कॅन चाचपत होता.

पहिल्या पाण्यावर जत्राच भरली. लव्हाळ्यात एक लांबलचक पाणसाप बेडूक गिळत पडला होता. अर्धा बेडूक आत, अर्धा बाहेर. एक मुलगा म्हणाला, “काका, याला विचारा ना, आत गेलेला मोजायचा की बाहेरचा?” वहीवाली म्हणून एक मुलगी होती, बारीक अक्षराची, सगळ्या नोंदी तिच्याकडे. ती गंभीरपणे म्हणाली, “दोन्ही. एक साप, एक बेडूक. बेडूक अजून पाय हलवतोय.” दगडाखाली सापसुरळी सापडली, शेपूट तोडून देऊन पळाली. शेपूट एका मुलाच्या तळहातावर वळवळत राहिलं आणि तो किंचाळला. कासवं ओंडक्यावर ओळीनं बसली होती, बस चुकलेल्या माणसांसारखी. एरवी यानं प्रत्येकाला काही ना काही ऐकवलं असतं. आज तो ओल्या काठावर उकिडवा बसून बूट घासत होता, आणि डोकं सतत टेकाडाकडं वळत होतं.

दुसरं पाणी झालं. बादली भरली. औषधाचा वास असा की शेजारी उभ्या मुलाला शिंक आली. दहा मिनिटं झाली, रजिस्टर भरलं, आणि मग सगळे टेकाड चढले.

माथ्यावर चटईवाली बसली होती. पाणकणसाची पाती कापून, वाळवून चटया विणायची. विळा कमरेला, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी. तिन्ही पाण्यांची खडान्‌खडा माहिती तिला. कुठल्या बुंध्याखाली कासवाची अंडी, कुठल्या बिळात घोरपड, सगळं तिच्याकडून कळायचं. मुलं तिला मावशी म्हणत, आणि ती याला भाऊ म्हणायची. दरवर्षी हा दिसला की तिचा एक ठरलेला टोला असायचा, “आले का भाऊ बेडकांना आंघोळ घालायला?”

आज टोला नव्हता. “वाईट झालंय बाई,” ती मॅडमना म्हणाली. “या, बघा.”

वाटीत उतरताना पहिल्यांदा कानांना कळलं. इथं बटणांचा आवाज असायचा, बारीक टिकटिक, शंभर घड्याळं एका खोलीत ठेवल्यासारखी. आज पाण्यावरून वारा जात होता, तेवढाच आवाज. मग दिसले. काठाच्या चिखलात, पोटं वर करून. काही आकसून काळे पडलेले, काही ताजे. एक जिवंत होता. मॅडमनी तो उचलला, ओंजळीत उताणा केला. सुदृढ बेडूक क्षणात उलटतो. हा तसाच पडून राहिला, मागचे पाय ताठ, आणि कातडी सोलवटल्यासारखी सुटलेली.

“बुरशी,” मॅडम म्हणाल्या. आवाज कोरडा. त्यांनी कापसाच्या काड्या काढल्या, बेडकांच्या पोटांवरून फिरवून नळ्यांत भरल्या. प्रयोगशाळेतून पक्कं कळेल, पण त्यांना काय ते कळलं होतं. वहीवालीनं मोजलं. मेलेले त्र्याऐंशी, जिवंत चार. लिहिताना तिनं दोनदा नाक पुसलं.

“कधीपासून?” मॅडमनी चटईवालीला विचारलं.

“मागं तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पहिला दिसला. म्हटलं, म्हातारा असेल. मग रोजच.”

यानं बगलेतलं रजिस्टर घट्ट दाबलं. चटईवाली सरळ सांगत होती, कुणावर बोट न ठेवता. पण मॅडम दुसरीकडंच बघत होत्या. तिच्या पायांकडं.

“तू कुठल्या पाण्यात उतरतेस मावशी?”

“सगळ्याच की. पात जिथं चांगली तिथं.”

“एकाच दिवशी?”

“सकाळी मोठ्या पाण्यात, दुपारी हिकडं. का हो?”

मुलांनी एकमेकांकडं बघितलं. वहीवाली हळूच म्हणाली, “मॅडम, आपल्याकडून तर शक्यच नाही. दहामिनिटेकाकांचं रजिस्टर आहे.” दुसरा म्हणाला, “हो ना. गेल्या वर्षीची नोंद पण आहे, औषध ताजे.”

एकतीस वर्षं जपलेलं ते रजिस्टर बगलेत होतं, आणि आता ते त्याच्याच बगलेतून दुसऱ्याच्या पायांकडं बोट दाखवत होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तिच्या शेजारी बसल्या आणि समजुतीनं बोलल्या. “तुझा दोष नाही मावशी. तुला माहीत नव्हतं. पण मला वनखात्याच्या ऑफिसला लिहावं लागेल. वाटीत कापणी बंद. उरलेली चार तरी वाचली पाहिजेत.”

“बंद म्हणजे?” तिला आधी उमगेचना. “बाई, लांब पात हिथंच मिळती. मोठ्या पाण्याची पात तुटकी, तिची पायपुसणी होतात. चटई होत नाही.” ती याच्याकडं वळली. “भाऊ, तुम्ही सांगा की बाईंना. तुम्ही मला किती वर्षं बघताय. मी माझ्या आजीपासून उतरते ह्या पाण्यात. तेव्हा नाही मेले ते?”

तो म्हणाला, “हं.”

एवढंच.

“निदान आता बाहेर पडताना पाय धुऊन घे,” मॅडम म्हणाल्या. “काका, बादली करा. पातळ करा थोडी.”

त्यानं बादली केली. हात आपोआप चालत होते. चटईवालीनं लुगडं सावरलं आणि दोन्ही पाय आत ठेवले. तिच्या टाचा भेगांनी चिरलेल्या होत्या, भेगांत काळा चिखल कायमचा बसलेला, आणि पाणकणसाच्या पात्यांनी पोटऱ्यांवर बारीक बारीक चिरे. औषध पातळ होतं, तरी तिनं दातावर दात दाबले.

“झोंबतंय होय मावशी?” एका मुलानं विचारलं.

“नाही रे लेका, गुदगुल्या होतायत.” मग याला, “किती वेळ हो भाऊ?”

“दहा मिनिटं,” मुलंच एका सुरात म्हणाली.

सवयीनं घड्याळ हातात आलं. एक मिनिट. दोन. ती खाली मान घालून बादलीत बघत होती, उजव्या पायाचा अंगठा डाव्यावर घासत. भेगेतून रक्ताचा एक दोरा पाण्यात उतरला आणि विरला. तीन. गेल्या वर्षी त्यानं बादलीत सोळा जोड बुटांचे ठेवले होते, त्यातल्या एकालाही काही झोंबलं नव्हतं. रबराला काय झोंबणार! चौथं मिनिट लागलं.

तो एकदम खाली बसला, तिचे दोन्ही घोटे धरले आणि पाय बादलीतून बाहेर काढले. पिण्याच्या पाण्याची बाटली होती, ती त्यांच्यावर ओतली.

“अहो काका, अजून सहा मिनिटं...” वहीवाली म्हणाली.

“गेल्या वर्षी औषध मेलेलं होतं,” तो म्हणाला. मान वर न करता, तिच्या पायांकडं बघत. “राखीव कॅन. वास नव्हता त्याला. मला कळलं होतं. उघडल्या उघडल्या कळलं होतं.”

ज्यानं कॅन लाथाडला होता तो मुलगा यंदा नव्हता. नसलेलाच बरा.

मॅडमनी हात पुढं केला. “रजिस्टर.”

त्यानं दिलं. त्यांनी पानं उलटली, गेल्या वर्षीचं पान काढलं, चष्मा कपाळावर सरकवून जवळून वाचलं. “ही तुमची सही?”

“हो.”

“तुम्ही सांगितलं असतं तर मी परत गेले असते.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

मॅडमनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. “तुम्हाला कळतंय का, आता कधीच कळणार नाही. आपल्या बुटांनी आली, की हिच्या पायांनी, की एखाद्या बगळ्याच्या. इतक्या वर्षांच्या मोजणीखाली मी काय लिहू?” त्यांनी रजिस्टर मिटलं. पुन्हा उघडलं. “आणि ही बाकीची तीस वर्षं? त्यातलं खरं किती?”

“बाकीचं सगळं खरं आहे मॅडम.”

“असेल,” त्या म्हणाल्या. ‘आहे’ नाही म्हणाल्या.

त्यानं खिशातून पेन काढलं. मॅडमकडून रजिस्टर घेऊन गुडघ्यावर ठेवलं आणि ‘औषध ताजे’ यातल्या ‘ताजे’वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, ‘मेलेले. मला माहीत होते.’ अक्षर नेहमीसारखं वळणदार येईना. खाली सही केली आणि आजची तारीख घातली.

चटईवाली पदरानं पाय पुसत होती. त्याला वाटलं, ती काहीतरी मऊ बोलेल. इतक्या वर्षांची ओळख. ती उठली, भारा डोक्यावर घेतला, आणि मग बोलली.

“वर्षभर गिळून बसलात भाऊ. ते मी समजते. माणूस चुकतो, मग घाबरतो. पण आत्ता, मघाशी, मी तुमच्याकडं तोंड करून विचारलं तेव्हा तुम्ही ‘हं’ म्हणालात.” तिनं भारा सावरला. “तुमच्यासमोर मी पाय घातला बादलीत. तोवर गप्प होतात.”

ती मॅडमकडं वळली. “मग, माझी पात?”

मॅडम थकलेल्या दिसत होत्या. “आज काही लिहीत नाही. काड्यांचा निकाल येऊ दे. पण मावशी, तोवर...”

“तोवर नाही उतरत,” ती म्हणाली. “मेलेल्यांत उतरायची मलाही हौस नाही. पण मी माझ्या मनानं नाही उतरत. तुम्ही कागद काढलात म्हणून नाही.” आणि ती टेकाड चढून गेली. नेहमी काठाकाठानं जायची, आज लांबच्या वळणानं गेली, पाण्याला पाय न लावता.

परत निघायच्या आधी सगळ्यांचे बूट पुन्हा धुवायचे होते. त्यानं चटईवालीची बादली सांडून नवी केली. औषध भरपूर, डोळ्यांच्या कडा झोंबण्याइतकं. मुलं रांगेत उभी राहिली. एरवी ज्या रांगेत ढकलाढकली असायची, ती आज शाळेच्या प्रार्थनेसारखी सरळ.

पहिली वहीवाली आली. बूट बुडवायच्या आधी ती थांबली, वाकली, आणि बादलीचा वास घेतला. नाक आक्रसलं, डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं बूट आत सोडला. त्याच्याकडं बघितलं नाही. तिच्या मागचा मुलगा वाकला. त्यानंही वास घेतला. मग त्याच्या मागचा.

सोळा जण. एकेक करून सगळे वाकले. शेवटी मॅडम आल्या. त्यासुद्धा वाकल्या.

तो घड्याळ धरून उभा होता. कुणी ‘काका, साडेनऊ झाली’ म्हटलं नाही. दहा झाली तेव्हा त्यानं सांगितलं, “झाली.” मग रजिस्टरात वेळ लिहिली, औषधाच्या रकान्यापाशी थांबला, आणि पेन वहीवालीपुढं धरलं.

“हे तू लिही,” तो म्हणाला. “तू वास घेतलायस.”

तिनं पेन घेतलं. काय लिहिलं ते त्यानं बघितलं नाही. बादली उचलून तो बसकडं चालू लागला, आणि मागं वाटीत, कुठल्या तरी काठाशी, एकच बारीक टिकटिक झाली आणि थांबली. तो थांबला, ऐकलं. पुन्हा काही आली नाही.